मामांची बेटं

समुद्रावर धुकं पडलं म्हणून इंदूरात बसून ज्यांचा घास घशाखाली उतरत नाही, असे गृहस्थ पृथ्वीच्या पाठीवर एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा.

मामांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. महूपलीकडचा एक पावसाळी धबधबा पाहिलाय, तोही पाय भिजू नयेत म्हणून लांबून. पण दूर उत्तरेच्या थंड समुद्रात काही चिमुकली बेटं आहेत. वर छत्र कुठल्याशा राजाचं, पण कारभार सगळा आपला आपण. तिथली निवडणूक आली की मामा इथे नुसते वावरतात, राहतात तिकडेच. त्या बेटांचं नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसत नाही, म्हणून सगळे ‘मामांची बेटं’ म्हणतात. मामांना त्यात गैर वाटत नाही. “आपल्या इथे माझं मत म्हणजे समुद्रात थेंब, जावईबापू,” ते मला सांगतात. “तिथे एका थेंबाने अख्खा समुद्र हलून जातो ना!”

यंदा तर त्यांनी लालबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांपुढे प्रचारच मांडला. इंदूरजवळच्या बेटमा गावचे एक लसणाचे व्यापारी त्यांचे जुने स्नेही. त्यांनी विचारलं, “मामाजी, वहाँ लहसुन का क्या भाव है?” मामा थबकले आणि गंभीरपणे म्हणाले, “भाव छोड़ो भिया, वहाँ बोट का सवाल है.”

सवाल खराच होता. सगळ्यांत टोकाच्या बेटावर मूठभर मुलांची एक शाळा होती. तिकडे जाणारी रोजची बोट बंद करायचं सरकारच्या मनात होतं, आणि बोट नाही तर शाळा नाही, म्हणून तिथल्या बाईच निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या. मामा त्यांना ‘आपल्या बाई’ म्हणत. “कोण ही बाई, दाखवा तरी एकदा,” मामी कडाडल्या. मामांनी फोनवर फोटो दाखवला. जाड स्वेटर, वाऱ्याने विस्कटलेले केस. मामी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हिला डिंकाचे लाडू द्यायला हवेत.”

निकालाच्या दिवशी बाकीची सगळी मतं मोजून झाली. बाई किंचित मागे होत्या, पण त्यांच्याच बेटाची पेटी यायची राहिली होती. धुक्यात बोट अडकली होती. मोजणी चालली होती तिथल्या बंदरावर एक कॅमेरा आहे, तो कुणालाही फोनवर पाहता येतो. संध्याकाळी ऑफिसातून मी मामांकडे गेलो, तर फोन शेवेच्या डब्याला टेकवलेला आणि दोघं समोर बसलेली. तिकडे दुपार होती.

“मामा, यात तर काहीच दिसत नाही.”

“धुकं दिसतंय ना? मग!”

मीही बसलो. बाहेर भाजीवाला ओरडत होता, स्कूटरी जात होत्या, आणि आम्ही तिघं धुकं पाहत होतो. हळूहळू मलाही अंगाला गार ओल जाणवायला लागली. मग त्या करड्यातून बोटीचं नाक बाहेर आलं. एक माणूस पेटी तान्ह्या बाळासारखी उराशी धरून उतरला. मामा उभे राहिले.

चहा निवायच्या आत निकाल आला. अगदी थोडक्यात, पण बाई हरल्या.

मामा खाली बसले. आमच्या गल्लीतल्या मराठी शाळेत त्यांनी उभा जन्म शिकवलं. मुलं कमी होत गेली आणि ती बंद झाली, हे मला बायकोने कधीतरी सांगितलं होतं. मामांनी स्वतः त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

“मग आता ती शाळा?” मामींनी हळूच विचारलं.

“लगेच नाही बंद होणार,” मामा म्हणाले. “पोरं मोठी होतील, एकेक करून निघून जातील. मग एक दिवस बाई वर्गात जाऊन बसतील, एकट्याच.”

पडद्यावर बोट टोकाच्या बेटाकडे परत निघाली होती. धुकं विरळ झालं होतं.

“बाई असतील का हो तिच्यात?” मामींनी विचारलं.

“असतील.”

खोलीत अंधारून आलं होतं. ती दोघं बोट दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली, आणि दिवा लावायला मलाही उठवेना.