दहा सुया

काजेबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ती गेल्याला दोन वर्षं झाली होती. बाकी सगळ्यांसाठी त्या काजेबाईच, कारण तीन शिंप्यांची काजं-बटणं त्या घरी करायच्या. खिडकीशी खुर्ची, पायाशी शर्टांचे गठ्ठे, हाताशी बटणांचा पत्र्याचा डबा.

बहिणीची सात वर्षांची मुलगी त्यांच्याकडेच होती. बाप आधीच परागंदा झालेला. आई गेल्यावर पहिले काही महिने पोरगी जेमतेम हो-नाही म्हणायची. घरात खेळणी नव्हती, म्हणून मावशीने डबा पुढे केला. डोळे मिटून बटण काढायचं आणि ते कुणाच्या कपड्याचं, ते सांगायचं. ऐकणाऱ्याने नुसतं ‘मग?’ म्हणायचं. खरं का, असं विचारायचं नाही. ‘मग?’ आल्यावर जो अडला तो हरला, आणि हरणाऱ्याने दहा सुया ओवायच्या.

काजेबाई मुद्दाम हरायच्या. नजर अधू, नेढं सापडायचं नाही. दोरा तिसऱ्यांदा हुकला की पोरगी पोट धरून हसायची आणि सुई ओढून घ्यायची. बघता बघता तिच्या तोंडाला अशी धार आली की शेजाऱ्यांनी तिचं नाव टकळी ठेवलं.

अशात तिच्या काकांनी अर्ज केला. त्यांना मूलबाळ नव्हतं, घर मोठं होतं. पोरगी कुणाकडे राहावी, ते ठरवायला बालकल्याण कचेरीतल्या बाई मंगळवारी सकाळी साडेदहाला आल्या. काजेबाईंनी फरशी दोनदा पुसली होती, गठ्ठे पलंगाखाली ढकलले होते. बाईंनी त्यांना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि मध्ये बोलू नका म्हणून बजावलं.

बाई प्रेमळ होत्या. टकळीसमोर वाकून त्यांनी विचारलं, मावशी कामात असते तेव्हा तू काय करतेस? टकळी म्हणाली, कपाटाशी बसते.

‘‘मग?’’ बाई म्हणाल्या.

टकळीने चटकन मावशीकडे पाहिलं. तिचे डोळे चमकले.

‘‘मग मावशी मला कपाटात ठेवते आणि बाहेरून कडी लावते.’’

‘‘मग?’’

‘‘मग आत एक उंदीर येतो. मी त्याला माझं जेवण देते.’’

‘‘मग तू काय खातेस?’’

‘‘मी बटणं चघळते. पांढरी गोड असतात.’’

खोटं कशाला बोला, त्या क्षणी काजेबाईंचा ऊर भरून आला. पांढरी गोड असतात, हे पोरीला सुचलं कुठून? मग त्यांना बाईंचं पेन दिसलं. ते वहीवर भराभर चाललं होतं.

त्या उठल्या. हा आमचा खेळ आहे, म्हणाल्या. डबा उघडून दाखवू लागल्या, तर घाईत बटणं फरशीभर सांडली. बाईंनी पायाशी आलेलं एक पांढरं बटण उचललं, उजेडात धरलं आणि शांतपणे वहीत अजून एक ओळ लिहिली.

त्या गेल्यावर टकळीने मावशीच्या कमरेला मिठी मारली.

‘‘बघितलंस? मी एकदासुद्धा अडले नाही.’’

काजेबाईंनी तिला शाबासकी दिली. दुसरं काय करणार होत्या?

तीन आठवड्यांनी काका-काकू येऊन तिला घेऊन गेले. महिन्यातून एक तास भेट ठरली, तीही काकूंच्या देखत.

पहिल्या भेटीला काजेबाई रुमालात पाच बटणं आणि सुया-दोऱ्याची पुडी घेऊन गेल्या. काकू समोरच्या खुर्चीवर बसल्या. आमच्याकडे तिची खोटं बोलायची सवय मोडतेय, असं त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज वाईट नव्हता. टकळीच्या दोन्ही वेण्या घट्ट घातलेल्या होत्या. तिने एक बटण निवडलं, तेही डोळे उघडे ठेवून.

‘‘हे निळं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘चार भोकांचं.’’

‘‘मग?’’ काजेबाई हलकेच म्हणाल्या.

पोरीने काकूकडे पाहिलं. बटण परत रुमालात ठेवलं.

‘‘मग काही नाही. दे सुया. हरले मी.’’

तिने दहाही सुया ओवल्या. एकही दोरा हुकला नाही. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा तिने पुडी मावशीच्या हातात दिली.

‘‘दोरे लांब घेतलेत,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या महिन्यापर्यंत पुरव.’’