रविवारची तारीख

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आई शेवटच्या आजारपणात रात्रंदिवस माझा हात धरून पडलेली असायची, तिलाही नाही. कितीदा तोंडापर्यंत आलं – आणि प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच तुमच्यापुढे जमेल. अडखळेन. पण आज शेवटपर्यंत जाणार आहे.

मी दुसरबीडजवळच्या एका गावात शिक्षक आहे. मराठी शिकवतो, चित्रकलेचे तासही माझ्याकडेच असतात. पण लोक मला ओळखतात ते 'फोटोवाले सर' म्हणून. जालन्याहून घेतलेला एक जुना कॅमेरा, दोन लेन्स, आणि एक हट्ट – काढलेल्या फोटोला नंतर हात लावायचा नाही. जे काय करायचं ते बटण दाबायच्या आधी. उजेड किती आत घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, रंग कोरडे ठेवायचे की उबदार, हे सगळं कॅमेऱ्यातच ठरवायचं. मोबाईलवर आभाळ निळंशार करून टाकणाऱ्यांना मी हसायचो. माझ्या प्रत्येक फोटोखाली एकच ओळ असायची: 'कॅमेऱ्यातून जसा आला तसा.' आणि कोपऱ्यात तारीख. छापील, पिवळ्या आकड्यांची. ती मी मुद्दाम चालू ठेवायचो. फोटो खराब दिसतो म्हणायचे लोक. मी म्हणायचो, दिसू दे, खरा तर आहे.

खरा. हा शब्द मी किती मिरवला असेल!

आमच्याकडे बियाण्यासाठी शेडनेट आहेत, हे तुम्हाला माहीत असेल-नसेल. हिरव्या जाळीची मोठी घरं. आत टमाटे, मिरची. बाया चिमट्याने एकेक फूल उघडतात, आणि नराच्या झाडाचे परागकण मादीच्या फुलाला लावतात. हजारो फुलं, आणि प्रत्येक फुलाला बोटांचं काम. नराची झाडं कोपऱ्यात वेगळी असतात, मोजून दिलेली; ती हाती लागली तर दुसऱ्या कुणालाही तेच बियाणं करता येतं. त्यातलं एक जरी बाहेर गेलं तर बियाणं करून घेणारी कंपनी शेतकऱ्याला पुन्हा दारात उभं करत नाही.

दिनकरभाऊंच्या शेडनेटमध्ये सुनंदाबाई होत्या. आठ बायांच्या पुढारी. बौद्धवाड्यात घर, नवरा लवकर गेलेला, एक मुलगी – करुणा – माझ्याच वर्गात, नववीत. सुनंदाबाईंचा हात असा होता की कंपनीची माणसं दुसऱ्या गावच्या बायांना त्यांचं काम बघायला आणायची. मी तिथे फोटो काढायला जायचो. हिरव्या जाळीखाली माणसांचे चेहरे आजारी दिसतात, रंग हिरवट पडतो. पहिला फोटो त्यांना दाखवला तर त्या खळखळून हसल्या – "सर, हे त हिरवी भुताळीन दिसून राह्यली!" मग मी खिशातला पांढरा रुमाल त्यांना धरायला दिला, त्यावरून कॅमेऱ्याला खरा पांढरा कोणता ते दाखवलं, आणि पुन्हा काढला. तो त्यांना आवडला. त्यानंतर मी दिसलो की त्या स्वतःच हात पुढे करायच्या, "आना तुमचा रुमाल." विश्वास म्हणतात तो हाच असावा. मला तेव्हा तो नुसता सोयीचा वाटला.

आता मुद्द्याला येतो. येतो म्हणजे – यायलाच हवं.

जिल्ह्यातल्या हौशी फोटोवाल्यांच्या एका गटाने स्पर्धा ठेवली होती. एकाच दिवसाची, एका रविवारची. त्या दिवशी आपल्या गावात काढलेला एकच फोटो, एडिट न केलेला, कॅमेऱ्यातली मूळ फाईल जशीच्या तशी. जणू माझ्यासाठीच होती ती. महिनाभर मी सगळ्यांना सांगत होतो. आणि त्या रविवारी सकाळपासून आभाळ भरून आलं. ना उजेड, ना सावली. नुसतं राखेसारखं सगळं. मी दिवसभर गावात फिरलो, शंभरेक फोटो काढले. एकही धड नव्हता.

सोमवारी पहाटे उठलो तर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ.

मी कॅमेरा घेतला. मेनू उघडला. तारखेच्या जागी गेलो. आणि एक आकडा मागे घेतला. बस, एवढंच. एका बोटाचं काम. फाईलला कुठे हात लावला मी? एडिट कुठे केलं? मोटरसायकल काढताना मी स्वतःला हेच सांगत होतो, आणि – खरं सांगतो – मला ते पटलंही होतं.

दिनकरभाऊंच्या शेडनेटपाशी पोचलो तेव्हा ऊन नुकतंच जाळीवर चढत होतं. बाया यायच्या होत्या. दाराची ताडपत्री बाजूला झाली आणि सुनंदाबाई बाहेर आल्या. खांद्यावर डब्याची पिशवी. डोळे मोठे झालेले, ओठ अर्धवट उघडे, मागून ऊन, आणि पायांपासून माझ्याकडे आलेली लांब सावली. मी बटण दाबलं. त्या माझ्या अगदी जवळून गेल्या, जवळजवळ धावत. काय झालं, हेही मी विचारलं नाही. पडद्यावर फोटो बघत होतो ना. इतका चांगला फोटो माझ्या हातून कधी निघाला नव्हता.

दुपारी शाळेत कळलं. दिनकरभाऊंच्या शेडनेटमधली नराची सहा झाडं कुणीतरी मुळासकट उपटून नेली होती. शनिवारी संध्याकाळी कंपनीच्या माणसाने मोजली तेव्हा होती. रविवारी सुट्टी, आत कुणी गेलं नव्हतं. सोमवारी सकाळी सगळ्यात आधी आलेल्या सुनंदाबाईंना कोपरा रिकामा दिसला आणि त्या दिनकरभाऊंच्या घराकडे पळाल्या. मी टिपला तो चेहरा त्या क्षणाचा होता.

तो फोटो मी स्पर्धेला पाठवला. रविवारच्या तारखेने. पहिला आला. परीक्षक म्हणाले, असा चेहरा ठरवून काढता येत नाही. प्रशस्तिपत्र मिळालं, ट्रायपॉड मिळाला, आणि फोटो गावोगावच्या मोबाईलवर फिरला. तिसऱ्या आठवड्यात तो दिनकरभाऊंच्या मोबाईलवर पोचला.

त्यांनी मला घरी बोलावलं. ओसरीवर पाच-सहा माणसं होती, कंपनीचा माणूस होता, आणि खाली पायरीपाशी सुनंदाबाई उभ्या होत्या. मला खुर्ची दिली. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. हे मला दिसलं होतं. माझ्या शब्दाला तिथे वजन का आहे आणि त्यांच्या शब्दाला का नाही, हे मला न कळण्यासारखं नव्हतं.

दिनकरभाऊंनी मोबाईल पुढे केला. "सर, तारीख पक्की ना? ही बाई म्हणते रविवारी मी बहिणीकडे हिवरा आश्रमले होती. आन् फोटोत त रविवारी पिशवी घेऊन नेटातून निघून राह्यली. चेहरा पाहा ना, चोरावानी."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "भाऊ, मी फोटोत काही बदलत नसतो. सगळ्यांना माहीत आहे."

सुनंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता अजून. त्यांना वाटलं, मी विसरलो असेन. आठवण करून द्यावी तशा म्हणाल्या, "सर, तुमी होते ना तिथं. तुमच्या जवळून त गेली मी. सोमवार होता तो. आठवा ना जरा."

"फोटोवर आहे ती तारीख आहे, सुनंदाबाई."

त्यांनी मान उंचावून मोबाईलवरच्या फोटोकडे पाहिलं. हुशार बाई. मग हळूच म्हणाल्या, "बरं. मंग एवढंच सांगा सर. रविवारी ऊन होतं काय?"

ओसरीवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तीन आठवड्यांपूर्वीचं आभाळ कुणाच्या लक्षात असतं? त्यांच्या होतं. माझ्या होतं. फोटोतली सावली त्या मोबाईलवर सगळ्यांसमोर लांबलचक पडलेली होती. एवढं एक 'नाही' म्हटलं असतं तर –

मी म्हणालो, "सकाळी थोडा वेळ पडलं होतं."

हे माझं पाप. तारीख मागे घेतली ती लबाडी होती, तिची शिक्षा फार तर हसू झालं असतं. पण हे वाक्य मी एका बाईच्या डोळ्यांत बघून बोललो. मला भीती कशाची होती? नोकरी जाणार नव्हती. जीव जाणार नव्हता. एक कागद परत द्यावा लागला असता आणि लोक म्हणाले असते, फोटोवाले सर पण तसलेच. एवढ्यासाठी.

त्यांनी पुन्हा मला काही विचारलं नाही. बहिणीचा नवरा फोनवर सांगत होता, ती आमच्याकडे होती म्हणून. घरचीच माणसं, कोण मानतो? पोलिसांत जायचं नाही, उद्यापासून यायचं नाही, असं ठरलं. दिनकरभाऊंनी आपण मोठा उपकार केल्यासारखं ते सांगितलं. मग आसपासच्या एकाही शेडनेटमध्ये त्यांना काम मिळालं नाही. पाणी भरायला गेल्या की बाया आपापल्या हंड्यांकडे बघायच्या म्हणे. चोर कधीच सापडला नाही. शोधणंच थांबलं होतं ना.

दोन महिन्यांनी करुणा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. वर्गशिक्षक मी. दाखला मीच लिहिला, माझ्या सुरेख अक्षरात. वर्तणूक – चांगली. शाळा सोडण्याचे कारण – पालकांचे स्थलांतर. ती जाताना माझ्या पाया पडली.

तुम्ही विचाराल, नंतर तरी का नाही सांगितलं? मी स्वतःला रोज विचारतो. एकदा दिनकरभाऊंच्या फाटकापर्यंत गेलो आणि पाण्याच्या पाळीबद्दल बोलून परत आलो. त्या बहिणीच्या गावी राहायला गेल्या होत्या; एकदा हिवरा आश्रमला गेलो, घर शोधलं. घरी कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने शेताकडे बोट दाखवलं. भर उन्हात सुनंदाबाई दुसऱ्याच्या रानात निंदत होत्या. चिमट्याने फुलाची पाकळी न फाटू देणारे ते हात ढेकळांत होते. मी बांधावर उभा राहिलो. पाच मिनिटं असतील, किंवा जास्त. त्यांनी मान वर केली नाही. मी हाक मारली नाही. गाडी वळवली. बस. एवढंच केलं मी. घरी येऊन जेवलो.

आणि फोटो? वर्षानुवर्षं काढत राहिलो. दुसऱ्या शाळांत बोलायलाही गेलो – जसं आहे तसं टिपा, मुलांनो. मुलं टाळ्या वाजवायची.

गेल्या महिन्यात मेहकरच्या एका दवाखान्यात मेव्हण्याला भेटायला गेलो होतो. सलाईन बदलायला आलेल्या नर्सने माझ्याकडे नीट पाहिलं. "सर, ओळखलं काय? मी करुणा." पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो, पण तिने पाय धरलेच. तिने मला बाहेर बाकावर बसवलं, चहा मागवला. आई बरी आहे म्हणाली. निंदायला जाते अजून, ऐकत नाही. हात थरथरतात. शेडनेटचं नाव काढलं की उठून जाते.

मग तिने विषय काढला. "सर, ते फोटोचं... आमच्या मामा-मावशीनं तुम्हाले लई शिव्या देल्ल्या तेव्हा. पण आईनं कोणालेच बोलू देलं नाही. म्हणे, सरायले काय माहीत? क्यामेऱ्यातली तारीख चुकली असंल. शिकवणारा माणूस खोटं कायले बोलंन?"

माझ्या हातात चहा होता. करुणा माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, तिला फक्त ऐकायचं होतं की आई म्हणते ते बरोबर आहे. आपल्या आईने उगाच कुणाची बाजू घेतली नाही, एवढंच. की तिला कळलं होतं? मला सांगता येत नाही. सुनंदाबाईंना तर सगळं माहीत होतं. त्या माझ्या हाताच्या अंतरावरून गेल्या होत्या, उन्हाचं त्यांनीच विचारलं होतं. तरी त्यांनी मुलीला हे सांगितलं. तिच्या मास्तरांवर थुंकायची पाळी तिच्यावर येऊ नये म्हणून? नाही कळत. मला तेवढंही कळायचा अधिकार नाही.

मी म्हणालो, "हो. चुकली असेल."

दुसऱ्यांदा. सुनंदाबाईंच्या लेकीच्या तोंडावर, तिच्याच पैशाचा चहा पीत.

तेव्हापासून झोप नाही. पण त्याचं सांगत नाही, झोप न येणं ही काही भरपाई नव्हे. हे छापून येईल त्या दिवशी एक प्रत दिनकरभाऊंच्या घरी देईन, एक हिवरा आश्रमला, एक त्या दवाखान्यात. लोकांनी काय करायचं ते लोक करतील.

कॅमेऱ्यातली तारीख चुकली नव्हती. ती मी मागे घेतली होती. त्या रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या गावात ऊन पडलं नव्हतं. फोटो सोमवारचा आहे. सुनंदाबाई खरं बोलत होत्या.