दर्पण मेहुलला चेंडू का देत नाही

दांडीच्या येसूबाईंचे दोन्ही मुलगे, दर्पण आणि मेहुल, भारताकडून रग्बी खेळतात. गावाला कौतुक, पण येसूबाईंच्या डोक्याला तापच जास्त.

कोलंबोतला सामना त्या थोरली सून भाविकाच्या मोबाइलवर बघत होत्या. मेहुल एकटा मोकळा धावत होता, तरी दर्पणने त्याला चेंडू दिला नाही. स्वतःच घुसला आणि आडवा झाला. भारत हरला. येसूबाईंनी बोंबील वाळत घालायचे सोडून फोन लावला.

"सख्ख्या भावाला चेंडू देत नाय? लाज नाय वाटत?"

"आई, रग्बीत हातातला चेंडू मागच्यालाच देता येतो. हा सारखा माझ्या पुढं पळतो."

येसूबाईंनी फोन मेहुलकडे द्यायला लावला. "मग मागं रा ना रं!"

"लहानपणापासून दादाच्या मागंच हाय मी. आता इथं पण?"

येसूबाईंनी कपाळावर हात मारला.

पुढच्या सामन्यात मेहुल गुमान मागे राहिला. दर्पणने नेमका चेंडू दिला आणि तो मेहुलच्या हातातून निसटला. सामना संपल्या संपल्या दर्पणचा फोन आला, तक्रार करायला.

"तुमचं तुमी बघा," येसूबाई ओरडल्या, "मला आता कुणी फोन करू नका!"