हात वर करणाऱ्यांनी वर बघावं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते तूर सोलायचं. सुरिनामी दुकानात हिरव्या शेंगा आल्या होत्या. माझ्या गावी तूर, तिच्या बेटावरही तूर. लग्न जमलं ते तेवढ्यावरच, असं ती चारचौघांत सांगायची.

मी चौथीत शाळा सोडलेला, बोटीवर स्वयंपाकी. तिचं बेट तिकडे वेस्ट इंडिजच्या समुद्रात, नकाशावर मोहरीएवढं, पण हुकूम हॉलंडचा. आमची तेलाची बोट तिथं लागली आणि ही भेटली. पुढं इथं हॉलंडात, डीमन गावी येऊन म्हातारे झालो.

दुसऱ्या दिवशी हेगच्या पार्लमेंटात त्या बेटाचा निकाल होता. लोकांनी मतं देऊन बसवलेली पंचायत काढायची आणि इथला एक साहेब वर बसवायचा. बेट म्हणजे हॉलंडचं गाव की हॉलंडची वसाहत, हे भांडण तिकडं कधीचं चाललेलं. ठरवणार मात्र इथले, हात वर करून.

"ए खलाशा," शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "उद्या डबा घेऊन जायचं. वर लोकांसाठी बाकं असतात. पुढच्या बाकावर बसायचं."

"बसून काय? तिथं बोलूसुद्धा देत नाहीत."

"बोलायचंय कुणाला? हात वर केला की मान जरा तरी वर होते. तेव्हा त्यांना माझं तोंड दिसलं पाहिजे."

भात आणि तूर शिजवून तिनं डबा भरला. जरा पडते म्हणाली. चहा घेऊन गेलो तर गेलेली. डॉक्टर आला, हृदय बंद पडलं म्हणाला. कप माझ्या हातातच होता.

सकाळी डबा उचलला तशी रात्रीच आलेली आमची मुलगी दारात आडवी आली. तिला मराठी कळतं, बोलते डच.

"पप्पा, तिथं आज तुमची कोणी वाट बघत नाहीये."

"म्हणून तर जायचं."

"आईला असं सोडून?"

"तू आहेस तिच्यापाशी. आणि ती थांबली असती का घरात?"

ती बाजूला झाली.

पार्लमेंटात शिपायानं डबा कपाटात ठेवायला लावला. वर टाळ्या नाहीत, ओरडणं नाही, म्हणाला.

"टाळ्या कुणासाठी वाजवू?" मी विचारलं. माझं डच बोटीवरचं, पण त्याला कळलं.

पुढच्या बाकावर मधोमध बसलो. खाली खुर्च्या अजून रिकाम्या होत्या. हात दुपारी वर व्हायचे होते. होऊ देत. तिचं तोंड नाही तर माझं, बघावं लागेलच.