काकूला मासी म्हटलं तो रविवार

दोंडाईचा स्टेशनावर गाडी फार थांबत नाही. तेवढ्या वेळात आबांनी डब्यातल्या सगळ्यांना सांगून टाकलं, "पोर सुरतले कॉलेजले चालनी." कुणी विचारलं नव्हतं. समोरच्या बाईंनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि मी पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत बसले, जणू हे कुणा दुसऱ्याच पोरीचे वडील आहेत. माय खिडकीच्या गजांना धरून उभी होती. गाडी हलली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बोलाले लाजू नको, पोरी." मी मान हलवली. आबा फलाटावरून गाडीबरोबर थोडं चालले, मग दिसेनासे झाले.

तुम्ही गावी राहिलेले आणि माझ्यासारखे सुरतेला निघून आलेले, दोघांसाठी हे लिहितेय. सुरतेच्या पोरांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. गावच्यांना कदाचित राग येईल, आणि तो यायलाच हवा.

मी सुरतेत लिंबायतला काकांकडे राहते. काका पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये आहेत. काकू घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. तिच्या ओढणीवर, भाकरीच्या टोपलीत, कधी कधी माझ्या वहीतसुद्धा एखादी टिकली चमकत असते. घरात अहिराणी, जिन्यात गुजराती, रिक्षात हिंदी आणि वर्गात इंग्रजी नोट्स. गावी आम्हाला एकच भाषा पुरायची. इथे मी सगळ्या भाषा भराभर उचलल्या, आणि माझी मीच फार हुशार झाले. पहिल्याच आठवड्यात किंजलने, म्हणजे माझ्या वर्गमैत्रिणीने, मी कुठली म्हणून विचारलं. मी म्हणाले, पुणे साइड. पुणं मी फक्त फोनमध्ये पाहिलं होतं! खानदेशी म्हटलं की लोकांना मिल आणि लूम आठवणार, असं मीच धरून चालले होते. मला कुणी वाकडा शब्द बोललेलं नव्हतं. मी आधीच घाबरून घेतलं.

या सेमिस्टरला समाजशास्त्राबरोबर मानसशास्त्र होतं, पर्यावरण होतं, आणि कॉम्प्युटरचा एक पेपर होता ज्यात आम्ही मुख्यतः माउससाठी रांग लावायचो. समाजशास्त्रात स्थलांतराचा धडा होता. माणसं गाव का सोडतात याची कारणं आम्ही घोकली. मॅडमनी पडद्यावर एका चाळीचा फोटो दाखवला. तशाच जिन्यावरून मी सकाळी उतरून आले होते. सगळ्यांबरोबर मीही तो फोटो लक्ष देऊन पाहिला आणि वहीत मुद्दे उतरवले.

पण सगळ्यात जास्त गुण मला मिळाले ते क्षेत्रकार्याच्या पेपरात. आबांनी निकालाचा फोटो अख्ख्या बाजाराला दाखवला. माय म्हणाली, देवीनेच केलं. ते गुण कसे मिळाले ते मला सांगायचं आहे.

मॅडमचं म्हणणं होतं, आपल्या समाजाबाहेरच्या एखाद्या समाजाचा सण जवळून बघा. किंजल आणि ध्रुवी माझ्या गटात होत्या. किंजल म्हणाली, श्रावणात ते खानदेशी लोक देवी डोक्यावर घेऊन नाचत जातात ना, ते घेऊ. म्हणजे आपली कानबाई. तेव्हाच सांगता आलं असतं की हा माझ्या समाजाबाहेरचा सण नाही. मी म्हणाले, माझ्या ओळखीचं एक घर आहे. ते घर काकूचं. दुसऱ्या कुणाकडे गेलो असतो तर त्या घरच्यांनीच मला ओळखून हाक मारली असती. काकूला आधी सांगून ठेवता येणार होतं.

सांगितलंही. कॉलेजचं काम आहे, मी या घरची आहे असं दाखवू नकोस. काकू टिकल्या चिकटवत होती. तिने फक्त एवढं विचारलं, "मंग तुले काय म्हनू?"

मी म्हणाले, बेन म्हण, इथे कुठल्याही परक्या मुलीला म्हणतात तसं.

रविवारी काकूच्या घरी कानबाई बसली. काका आणि चुलतभाऊ गल्लीतल्या मंडपाकडे गेले होते, तेवढ्यात आम्ही तिघी आलो. मी दारात चपला काढून म्हणाले, "केम छो मासी?" इथे कुठल्याही अनोळखी बाईला मासी म्हणतात. काकूने नवं लुगडं नेसलं होतं. "आवो बेन, बेसो," ती म्हणाली, आणि मला सतरंजीवर पाहुण्यांच्या जागी बसवलं. रोज मी जिथे झोपते तीच ती जागा.

किंजल प्रश्न विचारत होती, मी उत्तरं लिहीत होते. रोट म्हणजे काय, ते काकूने गुजरातीत नीट समजावून दिलं. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने गहू काढायचे, ते दळून त्याचे रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरचा कितीही जवळचा असला तरी त्याला रोट देत नाहीत. हे सगळं मला लहानपणापासून पाठ होतं. तरी मी मध्ये मध्ये "अच्छा" म्हणत होते.

मग ध्रुवीने विचारलं, घरात कोण कोण असतं. काकूने बोटांवर माणसं मोजली आणि शेवटी म्हणाली, "एक जेठनी दीकरी छे, भणवा आवी छे. आजे बहार गई छे." थोरल्या दिरांची मुलगी आहे, शिकायला आलीय, आज बाहेर गेलीय. माझ्याकडे न बघता म्हणाली. मी तेही लिहून घेतलं. अक्षर चांगलं आलं होतं, ते पान अजून आहे.

निघताना काकूने तिघींच्या हातांवर फुटाणे-साखरेचा प्रसाद ठेवला. बाहेरच्यांना देतात तो. मी पण ओंजळ पुढे केली.

मैत्रिणी रिक्षात बसून गेल्या तरी मी नाक्यावरच उभी राहिले. घरी जाववेना. दिवेलागणीला शेवटी गेले तर सगळे पंगतीला बसलेले, ताटं वाढलेली, आणि कुणीही सुरुवात केलेली नव्हती. काका चिडले होते. एवढा वेळ कुठे होतीस म्हणून त्यांनी विचारलं. काकू आतूनच म्हणाली, तिन्हं कॉलेजनं काम व्हतं. एवढ्यावर तो विषय संपला.

तिने माझ्या ताटात रोट वाढला. मला तो घेववेना. मी हळूच म्हणाले, काकू, मी तर बाहेरच्यांचा प्रसाद घेतला.

"तो बेननी लिन्हा," काकू म्हणाली. "हाऊ तुन्हा शे. हाऊ कोनलेच देता येस नही." म्हणजे तो प्रसाद त्या बेनने घेतला; हा माझ्या नावाच्या गव्हाचा रोट, दुसऱ्या कुणालाच देता येत नाही.

मी खाल्ला. मान खाली घालून खाल्ला. काकूने नंतर तो विषय कधी काढला नाही. किंजलला मी अजून काही सांगितलेलं नाही. मॅडमनी वर्गात माझं कौतुक केलं, त्या लोकांचा एवढा विश्वास कसा मिळवलास म्हणाल्या, आणि मी चक्क हसले.

आमच्या अहवालात त्या घरातली सगळी माणसं आहेत. शेवटच्या ओळीत मी आहे: पुतणी, शिक्षणासाठी आलेली, भेटीच्या वेळी गैरहजर. घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मला दोंडाईच्याकडचं गाव आठवायचं, मग लिंबायतच्या दोन खोल्या आठवायला लागल्या. आता मला ती पंगत आठवते. मी त्या घरात नाही असं मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, आणि तिथे माझ्यावाचून कुणी पहिला घास घेतला नव्हता.