हिराओका सेन्सेईंचा राहिलेला डाव

सिंगापुरातल्या मरीन परेडच्या एका जुन्या कॉन्डोत, समुद्राकडच्या बाल्कनीत, हिराओका सेन्सेई दर रविवारी शोगीचा पट मांडत. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्यावरच पोट भरलं. किताब एकही नाही. पेपरात फोटो आलाच तर जिंकणारा दुसराच कुणी आणि कडेला हे. घसरत घसरत ते शेवटच्या गटात आले आणि तिथे टिकण्यासाठी जो डाव जिंकायलाच हवा होता, तो ओकुडा नावाच्या खेळाडूशी हरले. त्या गटातून बाहेर पडलं की व्यावसायिक खेळणं बंद. पुढे बायको गेली, तेव्हा ते सिंगापूरला लेकीकडे आले आणि नांगरलेली जहाजं बघत बसू लागले.

खालच्या मजल्यावर खोली घेऊन राहणारी अश्लेषा मूळची पुण्याची, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करणारी. लिफ्टमध्ये ओळख झाली आणि ती त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत शोगी शिकू लागली. शिकू लागली म्हणजे मार खाऊ लागली. शोगीत वरचढ खेळाडू आपल्या काही सोंगट्या आधीच काढून ठेवतो. सेन्सेई आपला हत्ती आणि उंट डबीत टाकत आणि तरीही तिला पाणी पाजत. त्यांनी एकदा तरी आपल्यासमोर पूर्ण पट मांडावा, या इच्छेने तिला झपाटलं होतं. आई फोनवर लग्नाचं विचारी, ही हत्तीचं सांगे.

अलीकडे सेन्सेई चहा ओतून विसरत. "बाबा कधीकधी इथे नसतात," लेक म्हणे.

एका रविवारी वारा पडला होता. समुद्र आणि आकाश एकाच फिक्या रंगाचे झाले होते. जहाजं हवेत टांगल्यासारखी वाटत होती. अश्लेषा आली तेव्हा पट पूर्ण मांडलेला होता. हत्ती जागेवर, उंटही जागेवर. ती पटकन समोर बसली. तिने काही विचारलं नाही. विचारलं आणि 'अरे, विसरलोच' म्हणाले तर?

मग लाकडावर सोंगटी टेकल्याचा तेवढा आवाज येत राहिला. सेन्सेई असे खेळत होते की ती बघतच राहिली. दुपार कलली तेव्हा तिच्या राजाला वाट उरली नव्हती. शोगीत हार हरणाऱ्यानेच सांगायची असते. तिने मान झुकवली.

"हरले मी."

तेही वाकले. मग रिवाजाप्रमाणे दोघं मिळून डाव मागे नेऊ लागले, कुठे काय चुकलं ते बघायला. एक सोंगटी मागे घेत ते जपानीत म्हणाले, "इथे तुम्ही घाई केलीत, ओकुडा-सान."

एवढं जपानी तिला कळत होतं. पूर्ण पट तिच्यासाठी नव्हताच. तिला वाईट वाटलं, फार वाटलं.

"म्हणजे पुढच्या वर्षीही मी खेळणार," सेन्सेई जहाजांकडे बघत म्हणाले. त्यांचा चेहरा तिने असा कधीच पाहिला नव्हता. "घरी फोन करायला हवा. ती वाट बघत असेल."

अश्लेषाने पुढची सोंगटी मागे घेतली. आणि मोडक्यातोडक्या जपानीत, पहिल्यांदाच सेन्सेई न म्हणता, ती म्हणाली, "हो, हिराओका-सान. पुढच्या वर्षीही."