लॅपटॉपवर ठेवलेला वरवंटा

“मॅडम, नुसतं कुंकू काढून द्या. बाकी मशीन चांगलं हाय,” असं म्हणत निकमताईंनी लॅपटॉप आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात काउंटरवर ठेवला.

दोन तळहातांवर मावेल एवढाच. कीबोर्ड मुळातच दोन भागांत, अर्धी बटणं डावीकडे, अर्धी उजवीकडे. टचपॅड, म्हणजे बोट फिरवून बाण हलवायची पट्टी, नेहमीसारखी खाली नव्हती. ती दोन्हींच्या मधे उभी. हातात धरायचा आणि अंगठ्यांनी टाइप करायचं.

निकमताई देवळ्याला कॉलेजात शिकवतात. पीएचडीसाठी गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांची अहिराणी लग्नगीतं त्यांनी याच मशीनवर रेकॉर्ड केली होती. त्यातल्या काही बायका आता नाहीत. दुसरी कॉपीही नाही.

“खंडेनवमीला पूजा केली, तेव्हापासून टचपॅड दबत नाय. कुंकू गेलं असंल आत.”

फटीत हळदकुंकू होतंच. मी ब्रशने काढलं. अंगठ्याने दाबून पाहिलं. दबेना. अजून जोर देणार, तेवढ्यात लॅपटॉप काउंटरवर डुगडुगला. सपाट काचेवर सपाट बुडाची वस्तू डुगडुगत नाही. मी हात काढला.

“ताई, हा फुगलाय का?”

“थोडा. म्हणून काल वर वरवंटा ठेवला होता. तरी बसला नाय.”

आमचे मालक शेखभाई चहा पीत होते. त्यांनी ग्लास खाली ठेवला. “वैशाली, बाहेर ने ते. आत्ता.”

लिथियमची बॅटरी बिघडली की तिच्यात गॅस होतो आणि ती पापडासारखी फुगते. टोचली किंवा वाकली तर पेट घेते. या मशीनमध्ये ती नेमकी टचपॅडखाली होती. खालून तीच ढकलत होती.

इंदिरानगरातल्या आमच्या दुकानामागे मोकळी जागा आहे. तिथे फरशीवर लॅपटॉप ठेवला, शेजारी वाळूची बादली.

“परत दे त्यांना,” शेखभाई म्हणाले. “भडकलं तर कोण बघणार?”

“परत दिलं तर त्या मांडीवर घेऊन देवळ्याच्या बसमध्ये बसतील, भाई.”

“बीएस्सी झालीस म्हणून बॅटरी घाबरणार नाही तुला.”

“नाही घाबरणार. पण तिला कसं काढायचं ते मला माहिती आहे.”

आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिली मीच. इलेक्ट्रॉनिक्समध्ये फर्स्ट क्लास आहे, आणि तो सांगायला मी लाजत नाही.

“आधी चालू करून गाणी काढून घ्या ना,” निकमताई काकुळतीला आल्या.

“चार्जिंग संपलंय, ताई. आता चार्जर लावायचा म्हणजे काडी लावायची. आणि याची मेमरी बोर्डलाच चिकटवलेली असते. जळालं तर सगळंच गेलं.”

खालचे स्क्रू काढले. बॅटरीची वायर सोडवली. बॅटरी गोंदाने घट्ट होती. इथेच माणसं स्क्रूड्रायव्हर घालतात आणि पस्तावतात. मी गोंद सैल व्हायला कडेने स्पिरिटचे थेंब सोडले आणि पर्समधलं दोऱ्याचं रीळ काढलं. आमची फुलशेती. हार ओवायचा दोरा माझ्याजवळ असतोच. बॅटरीखाली दोरा घातला आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखा हळूहळू ओढू लागले. मधेच गोडसर वास आला.

“सोड, सोड!” शेखभाई ओरडले.

सोडलं नाही. गोडसर वास म्हणजे बॅटरी कुठेतरी झिरपतेय. आता ती जागेवर ठेवणं जास्त धोक्याचं. आणखी चार ओढी आणि ती सुटली. चिमट्याने उचलली, वाळूत टाकली, वर आणखी वाळू. वाळूतून धुराची बारीक रेघ निघाली. आम्ही तिघंही भिंतीला टेकलो. थोड्या वेळाने ती विरली.

नंतर आतून पुसून, वाळवून, बॅटरीविना नुसत्या अडॅप्टरवर मशीन चालू केलं. गाणी होती. सगळी. निकमताईंनी एक लावलं. म्हातारी लग्नातल्या रीतीप्रमाणे गाण्यातून नवरदेवाच्या आईला शिव्या घालत होती. ताई हसता हसता रडल्या.

मी दोन पेनड्राइव्हवर कॉपी काढून दिली.

“आता पुढच्या खंडेनवमीला?” त्यांनी विचारलं.

“पूजा खुशाल करा. वरवंट्याचीही करा. पण एकावर एक ठेवू नका.”

जी वस्तू दाबून बसत नसेल, तिच्यावर आणखी जोर देऊ नये. खालून काय ढकलतंय, ते आधी बघावं.